फिल्म महोत्सवांच्या आयोजकांना खुलं पत्र : आमच्याकडून फी घेता ना, मग फिल्म बघा तरी

राज्यातल्या आणि राज्याबाहेरच्या, छोट्या-मोठ्या सगळ्या फिल्म महोत्सवांच्या आयोजकांना,

नमस्कार.

मी इचलकरंजीची. लग्नाचे, बारशाचे, वास्तुशांतीचे व्हिडिओ एडिट करते आणि त्यातनं जे मागे राहतं त्यात शॉर्टफिल्म करते. माझ्यासारखे लोक तुम्हाला कोल्हापूर, लातूर, अकोला, जळगाव, म्हापसा कुठंही भेटतील, कुणी एसटीत नोकरी करतं, कुणी शाळेत शिकवतं, कुणी वायरमन आहे आणि सुट्टीच्या दिवशी कॅमेरा भाड्याने आणून शूट करतं. आमच्या मागे प्रॉडक्शन हाऊस नाही, ओटीटीवाल्यांचे फोन नंबर नाहीत. आमची फिल्म अनोळखी माणसांसमोर जायचा रस्ता जवळजवळ एकच, तो म्हणजे तुमचा महोत्सव. म्हणून हे पत्र तुम्हाला लिहितेय, आणि सगळ्यांसमोर लिहितेय कारण एकेकटीने पाठवलेल्या मेलना उत्तरं येत नाहीत.

निमित्त झालं ते एका महोत्सवाच्या मेलचं. नाव घेत नाही, कारण प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाहीये. मेलमध्ये लिहिलंय की यंदापासून एन्ट्री फी वाढवली आहे, विद्यार्थ्यांची सवलत बंद, आणि ज्यांची फिल्म निवडली जाईल त्या दिग्दर्शकालाही हॉलमध्ये यायचं असेल तर डेलिगेट पास विकत घ्यावा लागेल. म्हणजे मी फिल्म पाठवायला पैसे भरायचे, ती तुम्हाला आवडली की स्वतःच्या खर्चाने तुमच्या शहरात यायचं, राहायचं, आणि माझीच फिल्म पडद्यावर बघायला दारात परत पैसे द्यायचे. आणि बाकीच्या टीमने काय करायचं? साउंड रेकॉर्डिस्टने? ज्या कामगारांनी एक रुपया न घेता कॅमेऱ्यासमोर काम केलं त्यांनी? हे मला गप्प बसून मान्य करता येत नाही.

आधी पैशाचं बोलते कारण त्यावर कुणी उघड बोलत नाही. माझी मागची फिल्म बावीस मिनिटांची, यंत्रमागावर कांड्या भरणाऱ्या एका बाईची. कारखाना ओळखीच्या मालकांनी फुकट दिला, जेवण घरातनं गेलं, कॅमेरा आणि लाइटचं तेवढं भाडं. ही फिल्म करायला जेवढा खर्च आला त्याच्या साधारण एक तृतीयांश पैसे नंतर नुसते एन्ट्री फीमध्ये गेले. परदेशातल्या महोत्सवांची फी डॉलरमध्ये, त्यावर बँकेचा फॉरेक्स मार्कअप म्हणजे परकीय चलनाचा जादा आकार, त्यावर जीएसटी, आणि आपल्याकडे कित्येकांच्या डेबिट कार्डावर इंटरनॅशनल पेमेंट सुरूच नसतं त्यामुळे कुणाचं तरी क्रेडिट कार्ड मागत फिरायचं. ते परदेशातलं आहे म्हणून समजून घेऊ. पण पुण्या-मुंबईत, नागपुरात भरणारे काही महोत्सवसुद्धा फिल्मफ्रीवेवर, म्हणजे महोत्सवांना फिल्म पाठवायच्या वेबसाइटवर, डॉलरमध्येच फी लावून बसलेत आणि रुपयात, यूपीआयने भरायची सोयच नाही, हे कशासाठी?

तरी आम्ही भरतो. का भरतो तेही सांगते. जानेवारी २०२५ मध्ये रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ला अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात वर्ल्ड सिनेमा ड्रामॅटिक विभागाचं ग्रँड ज्युरी प्राइज मिळालं. कुठल्या फिल्म स्कूलमध्ये न गेलेला माणूस, आधी कितीतरी वर्षं शॉर्टफिल्म करत राहिला आणि पहिल्याच फीचरला, म्हणजे पूर्ण लांबीच्या फिल्मला, हे यश, तेही मराठी फिल्मला. ती बातमी आली तेव्हा आमच्या ओळखीतल्या प्रत्येकाला वाटलं की हो, होऊ शकतं. त्याच वर्षी सनडान्सकडे अकरा हजारांहून जास्त शॉर्टफिल्म आल्या होत्या आणि त्यातल्या ५७ घेतल्या, हेही आम्हाला माहीत आहे. आकडा समोर होता, त्यांनी स्वतःच जाहीर केलेला. शक्यता किती कमी आहे हे कळून पैसे भरणं वेगळं आणि काहीच न कळता भरणं वेगळं. आपल्याकडे किती महोत्सव सांगतात की आमच्याकडे एवढ्या फिल्म आल्या आणि एवढ्या घेतल्या?

माझं खरं म्हणणं इथनं सुरू होतं. महोत्सव चालवायला पैसे लागतात, मान्य. हॉलचं भाडं, प्रोजेक्शन, पाहुण्यांचा प्रवास, छपाई, सगळं महाग झालंय. स्पॉन्सर ऐनवेळी पाठ फिरवतात आणि कॉलेजची मुलं रात्र-रात्र जागून फुकट काम करतात हे मी डोळ्यांनी बघितलंय, त्यांच्याबद्दल मनात आदरच आहे. पण हे पैसे कुणाकडून घ्यायचे? आपल्याकडे फिल्म सोसायट्यांची, म्हणजे वर्गणी काढून एकत्र फिल्म बघणाऱ्या मंडळांची, मोठी परंपरा आहे. १९५९ साली फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज झालं, सत्यजित राय त्याचे अध्यक्ष होते, मुंबईत १९६८ पासून प्रभात चित्र मंडळ आहे. तिथे वर्गणी कोण भरायचं, तर बघणारा. प्रिंट कधी वकिलातीकडून, कधी पुण्याच्या फिल्म अर्काइव्हकडून आणायच्या, दाखवायच्या, नंतर बसून बोलायचं. ज्याने फिल्म बनवली त्याच्याकडून, तुझी फिल्म बघायचा विचार करू का याचे पैसे द्या, असं कुणी मागत नव्हतं. आज उलटं झालंय. हॉल अर्धा रिकामा असला तरी महोत्सवाचं भागतं कारण प्रेक्षकाच्या आधीच फिल्म करणाऱ्यांनी पैसे भरलेत, निवड झालेल्यांनी आणि न झालेल्यांनीसुद्धा. आणि एकदा पैसे आमच्याकडून आले की प्रेक्षक आणायची धडपड कमी होते, हे मी एकापेक्षा जास्त ठिकाणी पाहिलं. जपानमध्ये यामागाताला १९८९ पासून दर दोन वर्षांनी डॉक्युमेंटरीचा जगभर नावाजलेला महोत्सव भरतो आणि तिथे एन्ट्री फी नाही. फी शिवाय चालतच नाही असं म्हणणाऱ्यांनी निदान याचा विचार करावा.

आता तक्रारी.

पहिली, फिल्म न बघणं. मी प्रत्येक महोत्सवाला वेगळी प्रायव्हेट लिंक देते, डाउनलोड बंद ठेवते. त्यामुळे ती लिंक किती वेळा उघडली, किती मिनिटांपर्यंत बघितली हे मला दिसतं. फी घेतलेल्या काही महोत्सवांकडून ‘आपली फिल्म ज्युरीने काळजीपूर्वक पाहिली, मात्र यंदा स्थान देता आलं नाही’ असा मेल आला तेव्हा लिंकवर शून्य व्ह्यू होते. शून्य. एकदा दीड मिनिट. माझ्या फिल्ममध्ये दीड मिनिटाला टायटल संपतात. नकाराचं दुःख करायचं वय गेलं आता, नकार तर येणारच, पण जी फिल्म कुणी बघितलीच नाही तिला ‘काळजीपूर्वक पाहिली’ म्हणणं खोटं आहे आणि त्या खोट्यासाठी पैसे घेतले गेलेत. तुम्ही पहिली पाच मिनिटं बघून ठरवत असाल तर तसं नियमावलीत लिहा, आम्ही त्या हिशोबाने ठरवू की पाठवायचं की नाही.

दुसरं, तारखा. अर्ली बर्ड, रेग्युलर, लेट, मग एक्स्टेंडेड, मग फायनल एक्स्टेंडेड, आणि दर टप्प्याला फी वाढत जाते. ज्याने वेळेत पाठवली त्याचा निकाल पण पुढे जात राहतो. निकालाची तारीख उलटून जाते, वेबसाइटवर काही नाही, फोन उचलत नाहीत, आणि एक दिवस फेसबुकवर निवडलेल्या फिल्मचं पोस्टर दिसतं, त्यात आपलं नाव नसतं म्हणजे समजून घ्यायचं. एक ओळीचा मेल पाठवायला काय जातं?

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त लागलेली आहे आणि ती नीट सांगते. प्रीमियरची अट. एका महोत्सवाची अट होती की फिल्म महाराष्ट्रात आधी कुठेही जाहीर दाखवलेली नसावी. आमच्या फिल्ममध्ये काम केलेल्या बहुतेक बायका खऱ्याच कांड्या भरणाऱ्या, एक जॉबर, एक चहावाला. शूटिंग संपल्यापासून त्या रस्त्यात भेटल्या की विचारायच्या, पिच्चर कवा दावणार गं? मी सांगत राहिले की थोडं थांबा, अट आहे. कारखान्याच्या मागच्या भिंतीवर चादर लावून दाखवता आली असती, शंभरेक माणसं बसली असती. आम्ही थांबलो, पावसाळा गेला, दिवाळी गेली. महोत्सवाची तारीख दोनदा पुढे गेली. मग निवड झाली नाही. त्या दरम्यान फिल्ममध्ये सासूचं काम केलेल्या बाई वारल्या. त्यांनी स्वतःला पडद्यावर बघितलं नाही. त्यांच्या मुलाने मला एका शब्दाने बोल लावला नाही, पण मला विचारायचंय की बावीस मिनिटांच्या शॉर्टफिल्मच्या प्रीमियरचा मान तुम्हाला नक्की कशासाठी हवा असतो? मोठ्या फीचरच्या वर्ल्ड प्रीमियरला बाजारात किंमत असते, सेल्स एजंट असतात, परीक्षणं येतात, ते मी समजू शकते. जिल्ह्याच्या ठिकाणी दोन दिवस भरणाऱ्या महोत्सवाने शॉर्टफिल्मवाल्यांना घरच्या माणसांसमोर फिल्म दाखवायची बंदी घालावी याला काही अर्थ आहे का? ज्यांची गोष्ट आहे त्यांनी ती सगळ्यात आधी बघितली तर तुमच्या प्रेक्षकाचं काय कमी होतं?

चौथं, दाखवण्याची पद्धत. दुसऱ्या एका महोत्सवात निवड झाली, आम्ही चौघं स्वतःच्या खर्चाने गेलो. आमची फिल्म ५.१ साउंडमध्ये मिक्स केलेली, मागांचा आवाज चारी बाजूंनी आणि संवाद मधल्या चॅनलवर. त्यासाठी साउंडवाल्या मित्राने दोन आठवडे घातले. महोत्सवात डीसीपीची, म्हणजे थिएटरमध्ये चालवायच्या डिजिटल प्रिंटची, सोय नव्हती, लॅपटॉपवरनं फाइल लावली, हॉलमध्ये फक्त डावा-उजवा स्पीकर, आणि फाइल स्टिरिओत उतरवून न घेता तशीच सोडली. मधलं चॅनल गायब. पडद्यावर बाई बोलतीये आणि हॉलमध्ये नुसता मागांचा खडखडाट. मी उठून मागे पळत गेले, ऑपरेटर म्हणाला फाइलच तशी आहे. आम्ही स्टिरिओची वेगळी फाइल पण पाठवली होती, ती कुणी उघडलीच नव्हती. फिल्म संपल्यावर प्रश्नोत्तरात एका काकांनी विचारलं की संवाद न ठेवण्यामागे काय विचार होता. ते मनापासून विचारत होते. काय सांगणार? आणखी एका ठिकाणी मित्राची ४:३ मधली, म्हणजे जुन्या टीव्हीसारख्या चौकोनी आकाराची, फिल्म पडदा भरावा म्हणून दोन्ही बाजूंना ताणली, सगळी माणसं जाड दिसत होती. आदल्या दिवशी प्रत्येक फिल्मची पहिली दोन मिनिटं लावून बघितली तरी हे सगळं टळतं. यात पैशाचा प्रश्न नाही, दोन तास काढायचा प्रश्न आहे.

सेन्सॉरचं थोडक्यात. फिल्म जाहीर दाखवायची तर सर्टिफिकेट लागतं आणि महोत्सवासाठी त्यातनं सवलत मिळते, पण ती माहिती आणि प्रसारण मंत्रालयाकडे आयोजकांनी मागायची असते. ते काम काही जण आमच्यावर ढकलतात, निवड झाल्यावर आठ दिवसांत सर्टिफिकेट आणा म्हणतात. आठ दिवसांत ते होत नाही हे त्यांनाही माहीत असतं.

आणि शेवटचा प्रकार म्हणजे ज्यांना मी महोत्सव म्हणायलाच तयार नाही. ना हॉल, ना प्रेक्षक, दर महिन्याला ऑनलाइन निकाल, बेस्ट डेब्यू, बेस्ट मोबाइल फिल्म, बेस्ट सोशल मेसेज अशा ढिगाने कॅटेगरी आणि जवळपास प्रत्येकाला काहीतरी. जिंकल्यावर मेल येतो की ट्रॉफी हवी असेल तर एवढे पैसे, सर्टिफिकेट छापील हवं असेल तर एवढे. नवीन मुलं यात फसतात, घरच्यांना दाखवायला काहीतरी हवं असतं म्हणून भरतात, आणि मी त्यांना नावं ठेवणार नाही. त्यातले काही जण दादासाहेब फाळक्यांचं नाव पुढे लावून पुरस्कार वाटतात याची मात्र मला मराठी माणूस म्हणून चीड येते. भारत सरकारचा फाळके पुरस्कार १९६९ पासून दिला जातो, पहिला देविकाराणींना मिळाला, त्याला एन्ट्री फी भरून अर्ज करता येत नाही. तेच नाव लावून फी घेऊन ट्रॉफ्या विकल्या की खेड्यातल्या माणसाला दोन्ही एकच वाटतं, पेपरवालेसुद्धा चौकशी न करता ‘फाळके पुरस्काराने सन्मानित’ छापून टाकतात. तुम्ही चांगले महोत्सव चालवणारे लोक यावर गप्प का आहात? तुमच्यासुद्धा नावाला यामुळे धक्का बसतोय. आता पोस्टरवर लॉरेल, म्हणजे महोत्सवात निवड झाल्याचं पानांच्या माळेचं चिन्ह, बघितलं की कुणाला काही वाटेनासं झालंय, मग ते खऱ्या निवडीचं असो की विकतचं.

आमच्या मागण्या अशा आहेत, आणि त्या अवघड नाहीत.

फी घेतली तर फिल्म पूर्ण बघा, निदान दोन माणसांनी. निवड करणाऱ्यांची नावं जाहीर करा. किती फिल्म आल्या, किती घेतल्या, त्यातल्या किती फी भरून आल्या आणि किती तुम्ही स्वतः बोलावल्या हा आकडा दर वर्षी वेबसाइटवर टाका, कारण बोलावलेल्या फिल्मनीच प्रोग्रॅम भरला असेल तर बाकीच्यांनी फी कशाला भरली हा प्रश्न उरतोच.

शेवटची तारीख एकदा सांगितली की ती शेवटची. निकालाच्या तारखेला हो किंवा नाही, मेलवर. ते जमलं नाही तर फी परत.

विद्यार्थ्यांना, पहिली फिल्म करणाऱ्यांना आणि ज्यांना खरंच परवडत नाही अशांना सवलत द्या, आणि ती मागायला लाज वाटणार नाही अशी साधी पद्धत ठेवा. देशातल्या माणसाला रुपयात, यूपीआयने भरता आलं पाहिजे. ज्या महोत्सवांना सरकारी अनुदान मिळतं त्यांनी राज्यातल्या शॉर्टफिल्म आणि डॉक्युमेंटरीवाल्यांकडून एन्ट्री फी घेऊच नये, तो पैसा आधीच जनतेचा आहे.

निवड झालेल्या प्रत्येक फिल्मच्या निदान तीन माणसांना आत यायला पास फुकट द्या. मानधन देता येत नसेल तर तसं आधी सांगा, पण दारात पैसे मागू नका. डेलिगेट पासचा तो नवा नियम मागे घ्या. इतरांनी तो उचलू नका.

शॉर्टफिल्मला प्रीमियरची अट काढून टाका. तेवढंही जमत नसेल तर निदान फिल्ममधल्या माणसांसाठी, गावात, कारखान्यात, शाळेत दाखवलेला खेळ प्रीमियर धरला जाणार नाही असं स्पष्ट लिहा.

आदल्या दिवशी टेक्निकल चेक करा आणि त्याला फिल्मवाल्यांना बसू द्या. कुठली फाइल, किती फ्रेमरेट, हॉलमध्ये कुठली साउंड सिस्टिम आहे हे निवड कळवतानाच सांगा म्हणजे आम्ही त्याप्रमाणे बनवून देऊ. सेन्सॉरच्या सवलतीचा अर्ज तुम्ही करा.

आणि ट्रॉफी, सर्टिफिकेट विकणाऱ्यांशी तुमचा संबंध नाही हे तुम्ही सगळ्यांनी मिळून एकदा जाहीरपणे सांगा.

फिल्म करणाऱ्या मित्रमैत्रिणींनाही दोन शब्द. कुठेही फी भरायच्या आधी मागच्या वर्षीच्या खेळाचे फोटो शोधा, हॉलचं नाव बघा, तिथे निवड झालेल्या कुणाला तरी सरळ मेसेज करून विचारा. प्रत्येक ठिकाणी वेगळी लिंक द्या आणि व्ह्यूचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. मी माझे ठेवलेत, कुणा आयोजकाला स्वतःच्या महोत्सवाचा बघायचा असेल तर त्यांना खासगीत पाठवीन.

पुढच्या सीझनच्या एन्ट्री उघडायच्या आधी उत्तर द्या, आणि जसं हे पत्र उघड आहे तसं उत्तरही उघड द्या. यातल्या ज्या मागण्या मान्य नाहीत त्या का मान्य नाहीत तेही लिहा, आम्ही वाचू, पटलं तर मान्य करू. जे महोत्सव या गोष्टी पाळतील त्यांची यादी आम्ही काही जण मिळून करणार आहोत आणि नवीन मुलांना सांगणार आहोत की पैसे भरायचे तर इथे भरा.

आपली,
इचलकरंजीची एक शॉर्टफिल्म करणारी